अदलाबदल नाही

सोबत मंडळाचे नियम तीनच होते, आणि तिन्ही श्रीरंग टिपणिसांनी केलेले. मंडळाच्या खोलीत शिरलं की समोरच पुठ्ठ्यावर टपोऱ्या अक्षरांत लिहिलेले दिसत. चिठ्ठीत येईल ती सोबत. आपल्या माणसाची सोबत आपण घ्यायची नाही. अदलाबदल नाही.

गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालच्या जानेवारीतली. सरकारी नोकरीसाठी दिल्लीत येऊन इथलीच झालेली पंचवीस-तीस मराठी कुटुंबं मिळून हे मंडळ चालवत. जवानाची बायको म्हणा, बांधकामावरचा मजूर म्हणा, अपघात झालेला ट्रक ड्रायव्हर म्हणा, मराठी मुलखातलं कुणी दिल्लीच्या इस्पितळात एकटं पडलं, की मंडळातला एक जण सकाळी आठ ते दुपारी चार त्याच्या उशाशी बसे. पाणी द्यायचं, औषध आणायचं, डॉक्टर हिंदीत काय म्हणाले ते मराठीत सांगायचं. याला मंडळात नुसतं ‘सोबत’ म्हणत.

नियम उगाच झाले नव्हते. सुरुवातीला ज्याला जिथं जावंसं वाटे तिथं तो जाई. मग झालं असं, की आपली मावशी, शेजाऱ्याची सासू, साहेबांचे वडील यांच्याजवळ दोन-दोन माणसं बसायला, आणि परभणीकडचा एक मजूर नऊ दिवस एकटा. दहाव्या दिवशी तो गेला, तेव्हा त्याच्या गावाचं नाव नीट सांगणारंही जवळ कुणी नव्हतं. ते श्रीरंगरावांच्या मनाला फार लागलं. एका मंत्रालयात अवर सचिव असलेला हा माणूस आधीच काटेकोर. त्यांनी चिठ्ठ्या सुरू केल्या. “ज्याच्यावर माया आहे त्याच्याजवळ कुणीही बसेल,” ते म्हणत. “त्याला मंडळ कशाला हवं?”

दर रविवारी चिठ्ठ्या काढायच्या आधी ते मंडळातल्या मुलांना तासभर शिकवत. दिल्लीत वाढलेली मुलं. “आजोबा, ‘पंगत’ मतलब?” असं विचारणारी. त्या रविवारी संक्रांत नुकतीच झाली होती, म्हणून तिळाचे लाडू होते. वाटायचं काम नऊ वर्षांच्या लताकडे आलं. तिनं पहिला लाडू उचलला तो थेट आपल्या तीन वर्षांच्या भावाच्या हातात ठेवला.

“लता,” श्रीरंगराव हसून म्हणाले, “तुझा भाऊ रांगेत कितवा?”

“आठवा.”

“मग? आणि आपल्या भावाला आपणच द्यायचा नसतो. त्याला दुसरं कुणीतरी देईल.”

लतानं लाडू परत घेतला. सात जणांना वाटून ताट पुढच्या मुलाकडे दिलं. त्यानं भावापुढे लाडू धरला, तर त्या पठ्ठ्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि मान फिरवली.

“आजोबा, तो माझ्याच हातून घेतो.”

“सवय लावायला हवी, बेटा.”

सवय काही त्या दिवशी लागली नाही. शेवटी एक लाडू ताटात तसाच राहिला.

मग मोठी माणसं जमली. दोन डबे आले, एकात मंडळींची नावं, एकात रुग्णांची. चिठ्ठ्या लतानं काढायच्या आणि मंडळाचे चिटणीस उल्हास काळे यांनी वाचायच्या. सोमवार, मंगळवार, बुधवार बिनबोभाट पार पडले. गुरुवारची पहिली जोडी निघाली.

“श्रीरंग टिपणीस... कुमुद साळवे, हिंदूराव इस्पितळ.” उल्हासनी पुढची उघडली आणि डोळ्यांवरचा चष्मा वर केला. “विश्वास साळवे... अहिल्या टिपणीस, लाजपतनगरचं नर्सिंग होम!”

खोलीत हशा पिकला. कुमुदबाई ही विश्वासची आई. मूळची अहमदनगरच्या ख्रिस्ती घरातली, तिमारपूरला मुलाकडे राहायची. पंधरवड्यापूर्वी न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडलं होतं. आणि अहिल्याबाई या श्रीरंगरावांच्या पत्नी. छातीत गाठ निघाली होती, ती गुरुवारी काढायची होती.

“वा यार, देवानं पण काय जोडी लावली!” उल्हास म्हणाले. “हा तुमच्या बायकोजवळ, तुम्ही याच्या आईजवळ. चलो, बदलून टाका. मी चिठ्ठी वाचलीच नाही.”

श्रीरंगराव हसले नाहीत. अहिल्येचं नाव डब्यात त्यांनी स्वतःच घातलं होतं. ती म्हणाली होती, “कशाला? तुम्ही असालच की.” त्यावर ते म्हणाले होते, “असेनच. पण आपण काय मंडळाबाहेरचे?” त्याच दिवशी आपलीही चिठ्ठी निघेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्यांचं लक्ष खिडकीशी गेलं. तिथं अलका कारखानीस उभी होती. तीही हसली नव्हती.

ऑक्टोबरात अलकाची आई इस्पितळात होती, तेव्हा अलकाची चिठ्ठी निघाली जालन्याच्या एका ट्रक ड्रायव्हरची, शहराच्या दुसऱ्या टोकाला. “एक दिवस बदलून द्या,” ती म्हणाली होती. श्रीरंगराव म्हणाले होते, “आज तुम्हाला हो म्हटलं तर उद्या कुणाला नाही म्हणू?” अलका गेली. चार वाजेपर्यंत बसली. आई साडेतीनला गेली. उशाशी मंडळाचाच एक भला गृहस्थ होता, घड्याळ बघून औषध देणारा. त्यानंतर अलका दर रविवारी येत राहिली. त्या विषयावर ना ती बोलली, ना ते.

“काका,” विश्वास म्हणाला, “माझं सोडा. पण काकूंचं ऑपरेशन आहे.”

“अदलाबदल नाही,” श्रीरंगराव म्हणाले. “नियम माझ्यापुरता वेगळा कसा होईल?”

खिडकीकडे न बघताच त्यांनी ते म्हटलं. पण म्हटलं ते खिडकीसाठीच.

घरी सांगितल्यावर अहिल्या म्हणाली, “बरं.” आणि कणीक मळत राहिली.

या बाईचा एक स्वभाव होता. जगाला ती ‘हो’ म्हणे. शेजारणीला हो, दूधवाल्याला हो, नणंदांना तर तीन वेळा हो. त्यात डाव्या कानानं तिला जवळजवळ ऐकू येत नसे. लग्नाआधीपासूनचं होतं ते, आणि तिनं ते कुणाला कळू दिलं नव्हतं. डावीकडून कुणी काही विचारलं की ती हसून मान हलवी. एकतीस वर्षांत हे माहीत होतं ते फक्त श्रीरंगरावांना. रस्त्यानं जाताना ते न चुकता तिच्या उजव्या हाताला चालत. मुलगी पद्मजासुद्धा समजत असे, की बाबांची ती एक सवय आहे. पद्मजा आता नागपूरला, आठव्या महिन्यात. तिला येणं शक्य नव्हतं.

आणि या हो म्हणणाऱ्या बाईचं ‘नाही’ ऐकायचा मान जगात एकाच माणसाला होता. “नाही, हा शर्ट घालू नका.” “नाही, मला नाही यायचं तुमच्या साहेबांकडे.” सगळ्या जगासाठी साठवलेले नकार ती एकट्या नवऱ्याला देई.

बुधवारी संध्याकाळी नर्सिंग होममध्ये कागदावर सही करायची होती. श्रीरंगरावांनी केली. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की गरज भासेल ते सर्व करण्यास परवानगी आहे. असं तर सगळ्याच कागदांवर असतं. सहा वाजता भेटीची वेळ संपत आली तेव्हा अहिल्या म्हणाली, “अहो, एवढं एक ऐका. आत काही वाईट निघालं तरी मला आधी उठवायला सांगा. झोपेत माझं काही कापून नेऊ नका. मला सांगा, मी ठरवीन, मग काय ते करा.”

“हो, हो,” श्रीरंगराव म्हणाले. सकाळच्या धुक्यात हिंदूरावला जायला कुठली बस मिळेल, याचा ते विचार करत होते.

गुरुवारी धुकं असं होतं, की बसमधला माणूस खिडकीतून हात बाहेर काढून ड्रायव्हरला रस्ता सांगत होता. तरी श्रीरंगराव आठला पाच कमी असताना टेकडी चढून वॉर्डात हजर झाले. बायकांच्या वॉर्डात पुरुष सोबतीला म्हणून सिस्टरनं नाक मुरडलं. त्यांनी मंडळाचं ओळखपत्र दाखवलं, वही काढली, तारीख घातली.

कुमुदबाई सत्तरीच्या. पांढरे केस, कपाळ मोकळं, गळ्यात काळ्या दोऱ्यात लहानसा क्रूस. त्यांनी हात जोडले.

“तुम्हीच आलात का साहेब? विश्वानं सांगितलं होतं.”

“साहेब नका म्हणू. काही लागलं तर सांगा.”

“काही नाही लागत.”

आठ दहा, पाणी दिलं. साडेआठ, गोळी दिली. पाव आणि चहा आला तेव्हा त्यांनी पावाचा तुकडा मोडून पुढे केला. बाईंनी तो घेतला आणि उशीशेजारी ठेवला. “खाईन मग.” चहावर साय धरली. श्रीरंगरावांनी वहीत लिहिलं, ‘नाश्ता दिला’. लिहिल्यावर त्यांना ते खोटं वाटलं. खोडून त्यांनी लिहिलं, ‘खाल्ला नाही’.

नऊच्या सुमाराला डॉक्टर आला. तरुण पोरगा, घाईत. “माताजी, दर्द है?”

“नाही नाही,” बाई हसल्या.

“नींद आयी?”

“आयी, आयी.”

“ग्यारह बजे पैर पे वजन बांधेंगे. घबराना मत.” आणि तो पुढच्या खाटेकडे वळला. त्याची पाठ फिरताच बाईंनी खाटेची कड मुठीत धरली आणि डोळे मिटून घेतले. कपाळावर, त्या थंडीत, घाम होता.

“अहो, दुखतंय तुम्हाला!” श्रीरंगराव उठले. “त्यांना नाही कशाला म्हणालात?”

“परक्याला काय सांगायचं भाऊ?” बाई म्हणाल्या. “विश्वा असला की मी काही बोलत नाही, तोच डॉक्टरला सांगतो. त्याला माझ्या हाताकडे बघून कळतं.”

श्रीरंगराव खाली बसले. लगेच परत उठले. सायीचा चहा, उशीशेजारचा पाव, खाटेच्या कडेवरची ती मूठ. आणि एकदम त्यांना कालची संध्याकाळ आठवली. ‘मला आधी उठवायला सांगा.’ कुणाला सांगितलं होतं त्यांनी? कुणालाच नाही. उलट ‘गरज भासेल ते सर्व’ याच्याखाली स्वतःची सही करून आले होते. आता डॉक्टर तिला विचारतील. ती हसेल आणि मान हलवील.

ते खिडकीपाशी गेले. बाहेर काहीच दिसत नव्हतं. घड्याळात साडेनऊ. ऑपरेशन साडेअकराला. परत आले, खुर्ची सरळ केली, वही उघडली, मिटली.

“भाऊ, काय झालं?” कुमुदबाईंनी विचारलं.

“काही नाही.”

“मीपण मघाशी तेच म्हणाले,” बाई म्हणाल्या.

पाच मिनिटांत येतो म्हणून शेजारच्या खाटेवरच्या मुलीला सांगून ते फाटकाबाहेरच्या टेलिफोन बूथवर धावले. नर्सिंग होमचा नंबर दोनदा एंगेज लागला. तिसऱ्यांदा लागला, आणि कुणीतरी विश्वासला बोलावून आणेपर्यंत ते पायानं बूथचं दार ढकलत आणि ओढत राहिले.

“काका? सगळं ठीक आहे. काकू अगदी शांत आहेत. डॉक्टरबाई आत्ताच येऊन गेल्या.”

“काय विचारलं त्यांनी?”

“हेच, की काही वाईट निघालं तर त्याच वेळी सगळं काढून टाकायला हरकत नाही ना. काकू हो म्हणाल्या.”

“विश्वास, तू... डॉक्टर कुठल्या बाजूला उभ्या होत्या?”

“बाजूला?” विश्वास गोंधळला. “खिडकीकडच्या. म्हणजे... डावीकडे. का हो?”

श्रीरंगरावांच्या तोंडाशी वाक्य आलं होतं. तिला त्या कानानं ऐकू येत नाही, उजवीकडून पुन्हा विचारायला सांग. एवढंच सांगायचं होतं. पण सांगून काय होणार, हे त्यांना त्याच क्षणी दिसलं. उजवीकडून विचारलं असतं तरी ती डॉक्टरला हो म्हणाली असती. विश्वासला हो म्हणाली असती. तिचं ‘नाही’ ऐकणारा माणूस टेकडीवरच्या एका बूथमध्ये उभा होता.

“काका, आहात ना? आई काही खातेय का?”

“नाही.”

“पाव हातात देऊ नका तिला. बशीत चहा ओता, त्यात बुडवून द्या. चमच्यानं नाही, बोटांनी. आणि तिच्याकडे बघू नका खाताना. लाजते ती.”

“बरं,” श्रीरंगराव म्हणाले. आणि फोन ठेवला.

कुमुदबाईंना एकटं टाकून जाता येत नव्हतं. अकराला पायाला वजन बांधणार होते; त्या ‘दर्द नाही’ म्हणाल्या असत्या आणि कुणी ऐकून घेतलं असतं. इथून सगळ्यांत जवळ मंडळातलं एकच माणूस होतं. युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयात, सायकलरिक्षानं पंधरा मिनिटांवर. तो नंबर मंडळाच्या वहीत होता. श्रीरंगरावांच्याच अक्षरात लिहिलेला.

त्यांनी दोनदा अर्धा नंबर फिरवून सोडला. तिसऱ्यांदा पूर्ण फिरवला.

“अलकाताई, मी टिपणीस बोलतोय.”

“बोला.”

“हिंदूरावहून बोलतोय. तुम्ही... कुमुदताईंजवळ येऊन बसाल का? अकरा वाजता त्यांचं जरा अवघड आहे. मला लाजपतनगरला जायचंय.”

पलीकडे पुस्तकावर शिक्का मारल्याचा आवाज आला. एक. दोन.

“अदलाबदल?” अलकानं विचारलं.

“हो.”

तिसरा शिक्का पडला नाही. श्रीरंगरावांच्या मागे रांगेत उभा असलेला सरदारजी काचेवर नाणं वाजवू लागला. बोलण्यासारखं जे होतं ते ऑक्टोबरात बोलायचं होतं.

“वॉर्ड कुठला?” अलका म्हणाली.

वॉर्डात परतल्यावर त्यांनी नवा चहा आणला, बशीत ओतला, पावाचा तुकडा बुडवला आणि बाईंच्या ओठांशी नेला. स्वतः मात्र समोरच्या भिंतीवरच्या पालीकडे बघत राहिले. तुकडा बोटांतून गेला. मग दुसरा.

“विश्वानं सांगितलं वाटतं,” कुमुदबाई खाता खाता म्हणाल्या.

“हो. आणि कुमुदताई, मी खोटं बोललो मघाशी. माझ्या पत्नीचं आज ऑपरेशन आहे.”

बाईंचं चावणं थांबलं. “मग माझा विश्वा कुठं आहे?”

“तिच्याजवळ.”

बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं गणित चुकवून वर हुशारीनं दाखवायला आलेल्या पोराकडे बघावं. “अवो भाऊ,” त्या म्हणाल्या, “शिकलेली माणसं ना तुम्ही?”

सव्वादहाला अलका आली. मफलर सोडला, पर्स खुर्चीवर ठेवली. श्रीरंगरावांनी वही पुढे केली. ती तिनं घेतली नाही.

“औषधं कुठली ती सिस्टर सांगतील. तुम्ही जा.”

“अलकाताई, मी...”

“आत्ता नको. मी तुमच्यासाठी आलेली नाही, आणि माफ वगैरे केलं असंही समजू नका. काकू वाट बघत असतील. जा म्हटलं ना!”

ते निघाले. दारातून वळून पाहिलं तर अलका खाटेच्या पायथ्याशी वाकली होती. कुमुदबाईंच्या धड पायावरची चादर वर सरकली होती. ती खाली ओढून तिनं पाऊल नीट झाकलं, कड आत खोचली, आणि मग क्षणभर तिथंच हात ठेवून उभी राहिली.

ऑटोवाला धुक्यात तीस रुपये जास्त मागत होता. एरवी श्रीरंगरावांनी मीटरवरून त्याला धडा शिकवला असता. आज नुसते बसले. रिजची टेकडी उतरेपर्यंत बरं चाललं. आयटीओच्या चौकापाशी सगळं ठप्प. पुढे बस, मागे बस, बाजूला पिवळे दिवे. त्यांनी तीनदा घड्याळ पाहिलं. तिन्ही वेळा काटे एकाच जागी असल्यासारखे वाटले.

“साहब, पैर मत हिलाओ, गाडी हिलती है,” ऑटोवाला म्हणाला.

त्यांनी पाय दाबून धरला. मग हात हलू लागला. तिथं बसल्या बसल्या, का कोण जाणे, त्यांना अलकाची आई आठवत राहिली. ते त्यांना कधी भेटलेच नव्हते. त्या बाईंना काय झालं होतं, हेही त्यांनी विचारलं नव्हतं. त्यांना ठाऊक होता फक्त इस्पितळाचा पत्ता आणि त्या दिवशीच्या चिठ्ठीचा क्रमांक.

साडेअकराला पाच कमी असताना ते नर्सिंग होमचा जिना चढले. व्हरांड्यात स्ट्रेचर उभं होतं. हिरव्या चादरीखाली अहिल्या. केस पांढऱ्या फडक्यात बांधलेले, त्यामुळे चेहरा लहान मुलीसारखा दिसत होता. विश्वास तिची शाल छातीशी धरून डाव्या बाजूला उभा होता.

“काका! तुम्ही? आई...”

“अलका बसलीय आईजवळ. दोन तुकडे खाल्ले त्यांनी, बशीतून. खाली ऑटो उभी आहे, त्याला सोडलं नाही मी. जा.”

विश्वासनं शाल त्यांच्या हातात कोंबली आणि तो जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत गेला.

श्रीरंगराव वळसा घालून उजव्या बाजूला गेले आणि वाकले.

“तुमची सोबत?” अहिल्येनं विचारलं.

“बदलून घेतली.”

“अलकाकडून?” तिनं डोळे मोठे केले. “तिच्याकडून मागितलीत?”

“हो. ते नंतर. डॉक्टरांनी तुला काय विचारलं?”

“कुणास ठाऊक. मी हो म्हटलं.”

“वाईट निघालं तर तेव्हाच सगळं काढायचं का, असं विचारलं. आता मी विचारतोय. काढायचं?”

वॉर्डबॉय स्ट्रेचर ढकलायला आला. श्रीरंगरावांनी लोखंडी कड धरून ठेवली. अहिल्येनं चादरीखालून हात काढून त्यांचं मनगट धरलं.

“नाही,” ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, जणू शर्टाबद्दलच भांडतेय, “नाही म्हणजे नाही. काल सांगितलं होतं ना तुम्हाला? मला उठवा. मला सांगा. माझं आहे ते. आणि तुम्ही हो हो करत बसचा विचार करत होतात, कळत होतं मला.”

“कळत होतं?”

“न कळायला काय झालं!”

डॉक्टरबाई हातमोजे घालत बाहेर आल्या, वैतागल्या. पेशंटनं आताच संमती दिलीय, तुमची सहीपण आहे. श्रीरंगरावांनी कागद मागितला, ती ओळ खोडली, बाजूला नवी ओळ लिहिली आणि खाली सही केली. मग कागद अहिल्येपुढे धरला. झोपल्या झोपल्या तिनंही केली. अक्षर वाकडं आलं, पण नाव पुरं लिहिलं.

आत फक्त गाठ काढली. ती तपासायला गेली. निकाल येत्या बुधवारी. डॉक्टरबाईंचा चेहरा बघून काही कळत नव्हतं, आणि श्रीरंगराव चार दिवस तो चेहराच आठवून बघत होते. खुर्चीत बसले की उठत, उठले की कशासाठी ते विसरत. अहिल्या म्हणे, “बसा हो एका जागी, मला गरगरतं.” तेवढ्यापुरते बसत.

रविवारी ते मंडळाच्या खोलीत सगळ्यांच्या आधी गेले, स्टुलावर चढले आणि खिळ्यावरचा पुठ्ठा काढू लागले.

“ते कशाला काढताय?”

दारात अलका होती.

“माझ्या वेळेला मोडला,” श्रीरंगराव म्हणाले. “तुमच्या वेळेला पाळला. असला नियम कुठल्या तोंडानं भिंतीवर ठेवू?”

“आणि पुढच्या ट्रक ड्रायव्हरजवळ कोण बसेल मग? तुमची मावशी?” अलका आत आली. “जालन्याहून त्याचं कार्ड आलंय. पायानं चालतोय म्हणे. त्या दिवशी मी नसते तर त्याचं रक्त जुळवायला कुणी नव्हतं. ठेवा तो पुठ्ठा.”

श्रीरंगराव स्टुलावर तसेच उभे, पुठ्ठा अर्धा खिळ्यावर, अर्धा हातात.

“मला राग नियमाचा नाही आला,” अलका म्हणाली. “मी तुमच्याकडे आले, बदलून द्या म्हणाले, आणि तुम्ही उद्याच्या माणसाचा विचार करत होतात. समोर मी होते. आईला कसं आहे, एवढंसुद्धा तुम्ही विचारलं नाहीत. विचारलं असतंत, तर कोण जाणे, मी रडून मोकळी झाले असते आणि आपण होऊन गेले असते जालनावाल्याकडे. किंवा तुम्हीच गेला असतात माझ्याऐवजी.”

ते खाली उतरले. पुठ्ठा टेबलावर उताणा पडला. खुर्ची ओढून ते तिच्यासमोर बसले. गुडघा हलत होता. त्यांनी त्यावर हात ठेवला.

“काय झालं होतं आईंना?” त्यांनी विचारलं.

अलका खुर्चीवर टेकली. खिडकीबाहेर मुलांचा गलका ऐकू येऊ लागला होता.

“तिला पाय उघडे राहिलेले चालायचे नाहीत,” ती म्हणाली. “लहानपणापासून. उन्हाळ्यातसुद्धा झाकायची. कुणाला सांगायची नाही, लाजायची. मी पोचले तेव्हा चादर गुडघ्यापर्यंत सरकली होती. पावलं... बर्फ होती नुसती. त्या गृहस्थांची चूक नाही, त्यांना काय माहीत. औषधं सगळी वेळेवर दिली होती त्यांनी. वहीत लिहिलं होतं.”

दार ढकलून लता आत आली, एका हाताला भाऊ. “आजोबा, तास आहे ना? चिठ्ठ्या मीच काढणार ना?” मागून उल्हासचा आवाज आला, “चलो चलो, सवा दस झाले!”

“थांब, बेटा. तुम्ही बाहेर ऊन खा जरा,” श्रीरंगराव तिला म्हणाले. “उल्हास, आज उशीर होईल.”

मग ते पुन्हा अलकाकडे वळले.

“आणि सकाळी? तुम्ही निघालात तेव्हा त्या काही बोलल्या होत्या?”

अलका बोलू लागली.